मेरापीच्या उतारावरची सालाकची बाग

जकार्तातील ज्या कार्यालयात मी नोकरी करते, तिथे इंडोनेशियात स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांचे कर, निवास परवाने आणि मालमत्तेची कागदपत्रे पाहिली जातात. न्यायालयात उभे राहण्याची मुभा परदेशी नागरिकाला इथे नाही. त्यामुळे माझे काम कागद वाचणे, त्यातली खोच ग्राहकाला समजेल अशा शब्दांत सांगणे आणि पुढचे दस्त स्थानिक नोतारिसकडे, म्हणजे दस्त करून देणाऱ्या अधिकृत नोटरीकडे, सोपवणे एवढेच असते. बहुतेक प्रकरणे सदनिकांची किंवा बालीतल्या बंगल्यांची असतात आणि ती एकमेकांसारखी असल्यामुळे लवकर विसरली जातात. जून २०२४ मध्ये मध्य जावातील मागेलांग जिल्ह्यातल्या, मेरापी ज्वालामुखीच्या पश्चिम उतारावरच्या एका गावातले प्रकरण तसे नव्हते.

ग्राहक वसईचे. जकार्ताजवळच्या चिकारांगच्या औद्योगिक वसाहतीत अभियंता म्हणून त्यांची पंधराएक वर्षे गेलेली, आणि निवृत्ती जवळ आलेली. त्यांना इथे वसईकर म्हणते. त्यांची पत्नी याच गावची. मुन्तिलानच्या परिसरात फान लिथ या डच जेझुइट धर्मगुरूने विसाव्या शतकाच्या आरंभी शाळा चालवल्या, त्यामुळे तिथे पिढीजात कॅथलिक असलेली जावानीज कुटुंबे बरीच आहेत. वसईच्या ख्रिस्ती मुलाचे आणि या मुलीचे लग्न त्यामुळे दोन्हीकडे विनाअडचण पार पडले होते. वडिलांची केळीची वाडी इमारतींखाली गेल्याची खंत वसईकरांच्या मनात होती, आणि सासऱ्यांच्या पश्चात राहिलेली सालाक या स्थानिक फळाची पाऊण एकर बाग मेहुण्यांकडून विकत घेऊन तिथे उतारवय काढायचे, असा त्यांचा बेत होता. "ताई, भाव वाजवी आहे का तेवढं बघा. बाकी सगळं घरातलंच आहे," असे ते योग्यकर्त्याहून निघताना गाडीत म्हणाले. घरातल्या व्यवहाराचे कागद सर्वांत कच्चे असतात, हा अनुभव मला महाराष्ट्रातही आला होता आणि जावातही. पण त्या वेळी मी काही बोलले नाही.

भाव चढलेला असणार हे रस्त्यातच दिसत होते. योग्यकर्ता ते बावेन या नव्या द्रुतगती मार्गाचे काम सुरू होते, बोरोबुदुरच्या प्राचीन बौद्ध स्मारकाभोवती सरकारने पर्यटनाचा मोठा आराखडा आखला होता, आणि कुलोन प्रोगोचा नवा विमानतळ सुरू झाल्यापासून दलाल या बाजूला फिरकू लागले होते. मात्र मुख्य रस्ता सोडून वर चढू लागलो तशी जमिनीची दुसरी बाजूही दिसू लागली. नोव्हेंबर २०१० मधल्या उद्रेकानंतर इथल्या बागा राखेखाली झुकल्या होत्या, आणि जानेवारी २०११ मध्ये काली पुतिह नदीने वाहून आणलेल्या थंड लाव्ह्याने, म्हणजे पावसाबरोबर खाली आलेल्या राख, वाळू आणि दगडांच्या लोंढ्याने, मागेलांग-योग्यकर्ता महामार्गच गाडून टाकला होता. ५ नोव्हेंबर २०२० पासून मेरापीचा धोक्याचा स्तर चारपैकी तिसरा आहे. नदीपात्रातून वाळूचे ट्रक अखंड खाली येत होते. ज्या लाव्ह्याने घरे नेली त्याच्यावरच आता अनेक घरे चालतात.

ग्रामकार्यालयात, म्हणजे बलाई देसात, ग्रामसचिव आमची वाट पाहत होते. इंडोनेशियातला प्रत्येक जण जमिनीसाठी भूमी कार्यालयाचा नोंदणी दाखला दाखवतो असे शहरात वाटते. खेड्यात अजूनही कित्येक जमिनींचा एकमेव आधार म्हणजे गावाकडची 'लेटर सी' नावाची जुनी करवही असते. सचिवांनी ती जाड वही उघडली आणि बोट एका ओळीवर ठेवले. बाग सासऱ्यांच्या नावावर नव्हतीच. ती त्यांच्या वडिलांच्या नावावर होती. म्हणजे विकणारे चार भावंडे नव्हते, तर आजोबांचे सगळे वारस होते, आणि त्यांच्यात सुमात्राला स्थलांतरित झालेली एक चुलत शाखाही होती. घरी जपून ठेवलेल्या वार्षिक जमीन कराच्या पावत्या थोरल्या मेहुणीच्या नावाने निघत होत्या, पण कर भरल्याने मालकी येत नाही, हे सचिवांनीच अतिशय मऊ शब्दांत सांगितले. सरकारच्या २०२१ च्या १८ क्रमांकाच्या नियमानुसार अशा जुन्या नोंदींना पाच वर्षांची मुदत होती. २ फेब्रुवारी २०२६ नंतर त्या मालकीचा पुरावा न राहता केवळ एक सुगावा ठरणार होत्या. गावात सरकारची सामूहिक नोंदणी मोहीम येऊन गेली होती, आणि जावात त्यासाठी गावपातळीवर घ्यायच्या खर्चाची कमाल मर्यादा फक्त दीड लाख रुपिया असते. तरीही या घराने अर्ज केला नव्हता, कारण अर्जाआधी वाटणी बोलावी लागली असती.

पुढचा भाग मी गावात जाण्यापूर्वीच टिपणात लिहून नेला होता, आणि तोच वसईकरांना ऐकवणे सर्वांत कठीण होते. १९६० च्या भूमी कायद्यानुसार पूर्ण मालकीचा हक्क, ज्याला तिथे 'हाक मिलिक' म्हणतात, फक्त इंडोनेशियन नागरिकालाच मिळतो. परदेशी माणसाने दुसऱ्याच्या नावावर आडून घेतलेली जमीन कायद्याने रद्दबातल ठरते आणि सरकारजमा होते. वसईकरांचे म्हणणे होते की जमीन पत्नीच्या नावावर असेल, ती इंडोनेशियन आहे, मग प्रश्न कुठे येतो. प्रश्न १९७४ च्या विवाह कायद्यात येतो. पत्नीला वारशाने मिळालेला हिस्सा तिचा स्वतंत्र राहतो, परंतु लग्नानंतर विकत घेतलेली जमीन दोघांची सामाईक समजली जाते; म्हणजे भावंडांचे हिस्से पैसे देऊन घेतले की त्यात परदेशी नवऱ्याचा भाग शिरतो, आणि तो भाग एका वर्षाच्या आत सोडून द्यावा लागतो. मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार पूर्वी फक्त लग्नाआधीच करता येत असे. घटना न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयानंतर तो लग्न चालू असतानाही नोतारिससमोर करून नोंदवता येतो. तो करार केला तरी आणखी एक अडचण शिल्लक होती: शेतजमिनीचा मालक त्याच किंवा लगतच्या तालुक्यात राहणारा असावा, असा १९६१ पासूनचा नियम आहे, आणि त्यांच्या पत्नीचे ओळखपत्र चिकारांगचे होते. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो, हे वसईकरांना ठाऊक असल्यामुळे ही अट त्यांना लगेच पटली. करार मात्र त्यांना अपमानासारखा वाटला. "पंचवीस वर्षांच्या संसारानंतर बायकोशी कागद करायचा?" त्यांचा हा प्रश्न रास्त होता. कायदा तो मागतो, एवढेच उत्तर माझ्याकडे होते.

दुपारी आम्ही बाग पाहायला गेलो. सालाक म्हणजे खुज्या, काटेरी ताडाच्या बुंध्याशी घोसाने लागणारे, खवलेदार तपकिरी सालीचे फळ. झाडे नर आणि मादी अशी वेगळी असतात, म्हणून नर फुलोरा आणून मादी फुलावर हाताने परागीभवन करावे लागते. जुनी पाने सतत छाटावी लागतात, आणि हे काम हातमोजे घालूनही रक्त काढते. गेल्या अनेक वर्षांत ते काम थोरल्या मेहुणीने केले होते. २०१० च्या राखेने पाने मोडून पडली तेव्हा झाडे छाटून, पुन्हा फुटेपर्यंत मिरचीवर आणि शेळ्यांवर घर तिनेच चालवले होते. भावंडांपैकी एक मलेशियात, एक बेकासीत, एक जवळच शाळेत शिक्षक. हंगामात सगळीकडची फळे एकदम बाजारात आली की सालाकचा भाव इतका पडतो की तोडणीही परवडत नाही, हे ती कुठलीही तक्रार न करता सांगत होती. बागेच्या किमतीत तिची ती वर्षे कोणी धरली आहेत का, असे मी वसईकरांना मराठीत विचारले. ते गप्प राहिले.

संध्याकाळी घरच्या ओसरीवर बैठक झाली. मोगऱ्याचा गोड चहा, उकडलेले शेंगदाणे, शेजारचा वाडीप्रमुख साक्षीला. जावानीज बैठकीत कोणी सरळ नाही म्हणत नाही; त्यामुळे पहिला तासभर सगळेच मान डोलावत होते, आणि नवख्या माणसाला व्यवहार ठरला असेच वाटले असते. मग थोरल्या मेहुणीने बहिणीला अगदी साधेपणाने विचारले, की तुमच्या दोघांच्या पश्चात बाग कोणाकडे जाईल. माझ्या टिपणाची तीन पाने याच मुद्द्यावर होती. पत्नी आधी गेली तर नवऱ्याला वारसा मिळूनही तो वर्षभरात सोडावा लागेल. आणि त्यांची एकुलती एक मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. इंडोनेशियाच्या २००६ च्या नागरिकत्व कायद्यानुसार अशा मुलांना अठराव्या वर्षापर्यंत दुहेरी नागरिकत्व राहते आणि एकविसाव्या वर्षापर्यंत एक देश निवडावा लागतो. तिने भारत निवडला, तर बाग तिच्याकडेही राहू शकत नाही. हे मी जावानीज येत नसल्यामुळे इंडोनेशियन भाषेत सांगितले, आणि वाडीप्रमुखाने ते म्हाताऱ्या सासूबाईंना त्यांच्या बोलीत समजावले. त्यानंतर भावाचा विषय पुन्हा निघाला नाही.

बैठक संपता संपता ठरले ते असे: आधी आजोबांच्या सर्व वारसांच्या नावे नोंदणी करायची, मग वाटणीपत्र. बाग थोरल्या बहिणीकडे जाणार, शिक्षक भावाने आपला हिस्सा तिला द्यायचे कबूल केले, आणि वसईकरांच्या पत्नीला वारसा म्हणून घरामागचा मोकळा तुकडा मिळणार. विकत काहीच घ्यायचे नाही, म्हणजे करारही नको. वसईकरांनी बागेसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून सासूबाईंच्या घराचे छप्पर दुरुस्त करायचे ठरवले, आणि निवृत्तीनंतर निवास परवाना कारखान्याऐवजी पत्नीच्या हमीवर घेण्याचे काम माझ्याकडे आले. गावातल्या आयुष्याबद्दल त्यांची कल्पना मला काहीशी भाबडी वाटत होती. पाळीने रात्रीची गस्त, रविवारी गटाराची सामूहिक साफसफाई, शेजारच्या प्रत्येक समारंभात आणि मयतीत पहाटेपासून हजेरी, हे तिथे ऐच्छिक नसते. पण ते तर मी वसईत करतच आलोय, असे ते हसून म्हणाले.

मलेशियातल्या भावाचे मुखत्यारपत्र तिथल्या इंडोनेशियन दूतावासातून यायला बराच वेळ लागला, सुमात्राच्या नातलगांच्या सह्यांना त्याहून जास्त, आणि नोंदणीचा दाखला मुदतीच्या काही महिने आधी हाती पडला. मुलगी आता सज्ञान झाली आहे. कोणता पासपोर्ट ठेवायचा हे तिने अजून ठरवलेले नाही, आणि ती ठरवेपर्यंत मागच्या तुकड्यावर पक्के बांधकाम करायचे नाही, असे नवरा-बायकोने मला लेखी कळवले आहे.