ऑफ पीरियडची कादंबरी

शतकमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा फोन आला आणि डोक्यात पहिले आले ते आपले इंग्रजीचे सर. बाकीच्यांबद्दल बाकीचे लिहितीलच. सर म्हणजे कोणते हे आपल्या बॅचेसना सांगायला नको.

डिसेंबर १९७१, आम्ही अकरावीला म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला. ३ तारखेला युद्ध सुरू झालं, वर्गाच्या काचांना काळे कागद लागले, अभ्यासात कोणाचंच लक्ष नाही, निम्मी पोरं एअरफोर्समध्ये जायच्या गप्पा मारतायत. अशात सरांनी ग्रामर बाजूला ठेवून ऑफ पीरियडला जॉन नोल्सची 'अ सेपरेट पीस' ही कादंबरी मराठीतून सांगायला घेतली. पोर्शनला नाही, परीक्षेला नाही!

१९४२चा उन्हाळा, अमेरिकेतली डेव्हन नावाची बोर्डिंग शाळा, लवकरच सैन्यात जावं लागणार अशी पोरं. नदीकाठच्या झाडावरून पाण्यात उड्या मारायच्या, का तर बुडत्या जहाजावरून उडी मारायची वेळ आली तर सवय हवी. जीन अभ्यासात हुशार, फिनी खेळात, दोघं जिगरी दोस्त पण जीन आतून जळतोय. दोघं फांदीवर असताना जीनचे गुडघे वाकतात, फांदी हलते आणि फिनी खाली. पाय मोडला.

इथे सर थांबले, खडू ठेवला आणि विचारलं, "मुद्दाम केलं का रे त्याने?" मग जे भांडण जुंपलं, आवाज ऐकून हेडमास्तर दारात. आम्ही चिडीचूप. सर म्हणाले, "या, बसा, तुमचंही मत द्या." आणि ते खरंच शेवटच्या बाकावर बसले हो, 'मुद्दामच' म्हणाले! सरांनी स्वतःचं मत मात्र शेवटपर्यंत दिलं नाही.

आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाल्याची बातमी आली त्यानंतरच्या तासाला लेपर सांगितला. गोगलगायी बघत बसणारा शांत पोरगा, बर्फातल्या सैनिकांची फिल्म बघून सगळ्यांच्या आधी भरती होतो आणि ट्रेनिंगमध्येच त्याचं डोकं बिघडतं. सरांनी त्यावर भाषण दिलं नाही, बेल झाली आणि गेले. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली, शाळेत पेढे वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी सरांनी ऑपरेशन टेबलवरच फिनी मरतो तो भाग सांगितला. आजच कशाला सर, असं कोणीतरी म्हणालं, तर "पुस्तक संपवायचं होतं" एवढंच.

पुढे बँकेत लागलो, मॅनेजर म्हणून रिटायर झालो. मुलगा बोस्टनला असतो, रोबोटिक्समध्ये, छान चाललंय त्याचं. तिथून तासाभरावर फिलिप्स एक्झिटर अकॅडमी आहे, नोल्स तिथलाच विद्यार्थी, डेव्हन तिच्यावरूनच बेतलेली. हट्टाने जाऊन आलो. सून म्हणाली, बाबा, नेमक्या कुठल्या झाडाचा फोटो काढू?

आता आपल्या शाळेत ऑफ पीरियडच नसतो म्हणे, आणि वरच्या मजल्यावरच्या लायब्ररीत कॉम्प्युटर लॅब झालीय, पुस्तकं जिन्याखाली खोक्यात. नवीन खोलीसाठी बॅचने पैसे जमवलेत, चेक कार्यक्रमाच्या दिवशी देतोय. कपाटांना कुलूप लावू नका एवढीच अट आहे.