जुगलबंदी, नोंद १४: डिसिंकचे मूळ आवाजात निघाले

मागच्या नोंदीच्या शेवटी मी लिहिले होते की मी बनवत असलेल्या, जुन्या कुंग-फू चित्रपटांच्या धर्तीवरच्या फायटिंग गेममधली जुगलबंदी, म्हणजे दोन खेळाडूंमधली फटका आणि उत्तराची देवाणघेवाण, ऑफलाइन आता मनासारखी चालते आणि पुढची नोंद नाशिकच्या मित्राबरोबर होणाऱ्या पहिल्या ऑनलाइन लढतीची असेल. ती लढत झाली, पण दुसऱ्या फेरीत माझ्या पडद्यावर मद्यपी भिक्षू हे पात्र भिंतीला टेकून उभे असताना मित्राच्या पडद्यावर तो भिक्षू वाघीण या दुसऱ्या पात्राच्या लाथेने आडवा झालेला होता. दोन्ही यंत्रांवर दोन वेगळ्या लढती चालू होत्या. यालाच डिसिंक म्हणतात. त्यानंतरचे पाच आठवडे या एका दोषाने खाल्ले, म्हणून मधल्या काळात नोंद आली नाही. परवा रात्री अकराच्या सुमारास दोष सापडला आणि तो ज्या जागी सापडला, त्या जागेमुळे खेळाचा पुढचा आराखडाच बदलला आहे.

जुगलबंदीचा भाग काढून टाकून नेहमीचा, एकेका फटक्याचा फायटिंग गेम करावा, असे या काळात दोघातिघांनी सुचवले. ते मला मान्य नाही, कारण या खेळाचा जीवच त्या देवाणघेवाणीत आहे. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीच्या चित्रपटांत आधी मारामारीची आखणी करणारे आणि १९७५ पासून दिग्दर्शनही करणारे लाउ कार-ल्युंग हे स्वतः हुंग गार या दक्षिण चिनी कुंग-फू शैलीचे साधक होते. कुंग-फू गुरू वाँग फेई-हुंग यांचे शिष्य लाम साय-विंग, त्यांचे शिष्य लाउ चाम आणि लाउ चाम यांचे हे चिरंजीव, अशी ती परंपरा आहे. त्यांच्या मारामारीत फटका एकटा येत नाही. प्रत्येक फटक्याला त्याचे उत्तर असते, त्या उत्तराला पुन्हा प्रत्युत्तर असते, आणि कॅमेरा दोघांना डोक्यापासून पावलापर्यंत दाखवत असल्यामुळे कोणाचा पाय कुठे पडला तेही दिसते. सहा मात्रांची देवाणघेवाण आणि शेवटी दोघांनी सुटून पवित्रा घेणे, ही माझी रचना तिथून आलेली आहे. ती काढली तर पाठीमागे लाल खांब आणि कंदील उरतील, लढत उरणार नाही.

आता दोषाविषयी. माझे यंत्र एएमडीचे आणि मित्राचे इंटेलचे असल्यामुळे माझा पहिला संशय दशांश चिन्हाच्या गणितावर गेला. रोलबॅकमध्ये, म्हणजे समोरच्याचे इनपुट उशिरा आले की मागे जाऊन त्या फ्रेम (सेकंदाला ६० चित्रे) पुन्हा खेळवण्याच्या पद्धतीत, दोन्ही यंत्रांनी तेच इनपुट घेऊन तंतोतंत तोच निकाल काढायचा असतो, आणि दशांशाच्या त्या गणितात, म्हणजे फ्लोटिंग-पॉइंटमध्ये, एखाद्या ठिकाणी शेवटचा बिट जरी वेगळा पडला तरी काही सेकंदांत तो फरक टक्कर लागली की हुकली इथपर्यंत वाढतो. गोडो या गेम-इंजिनचे अंगभूत भौतिकशास्त्र मी या कामासाठी पूर्वीपासूनच वापरत नाही, पण वेग आणि स्थान अजून फ्लोटमध्ये होते. ते सगळे १६.१६ च्या फिक्स्ड-पॉइंटमध्ये आणले, म्हणजे एका पिक्सेलचे ६५,५३६ भाग करून सर्व हिशेब पूर्णांकांत केला. त्यात नऊ संध्याकाळी गेल्या. वाघिणीच्या उडीची कमान त्यात थोडी बसकी झाली, ती पुन्हा हाताने बसवावी लागली. हे काम कधीतरी करायचेच होते, त्यामुळे ते वाया गेले असे मी मानत नाही, पण डिसिंक होता तिथेच होता.

मग संशय सोडून नोंदवही उघडली. मित्राने आणि मी ३१ लढती खेळलो आणि प्रत्येक लढतीत कोण विरुद्ध कोण, जुगलबंदी कितीदा झाली आणि डिसिंक कोणत्या फेरीत आला, एवढेच लिहिले. सात लढती फुटल्या होत्या. सातही लढतींत एका बाजूला भिक्षू होता आणि सातही वेळा त्याआधी किमान एक जुगलबंदी पूर्ण झालेली होती. भिक्षूशिवायची एकही लढत फुटली नव्हती, आणि भिक्षू असूनही जुगलबंदी झाली नाही अशी लढतही फुटली नव्हती. दोन अटी एकत्र आल्या तरच दोष दिसतो, हे वहीत इतके स्वच्छ उमटले होते की ती वही पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी होती, हा धडा मी घेतला आहे.

भिक्षूमध्ये इतरांपेक्षा वेगळे असे एकच आहे. त्याचे झोकांडी खाणारे पाऊल तीनपैकी कोणते पडेल, हे यादृच्छिक अंकांवर ठरते. त्या अंकांचा सीड, म्हणजे सुरुवातीचा अंक, दोन्ही यंत्रांवर सारखाच असतो आणि त्याची अवस्था प्रत्येक फ्रेमबरोबर साठवलेली असते, म्हणून तिथे शंका घ्यायला जागा नव्हती. पण जुगलबंदीत आणखी कोण तो अंक मागते, हे शोधत गेलो तेव्हा आवाजाच्या फाइलीत पोहोचलो. हाताला हात भिडला की चार ध्वनींपैकी एक वाजवायचा, तोच तो आवाज कानाला खटकू नये म्हणून निवड यादृच्छिक ठेवायची, असे मी सुरुवातीच्या दिवसांत लिहून ठेवले होते, आणि अंक भिक्षूला यादृच्छिक अंक देणाऱ्या त्याच जनित्राकडून घेतला होता. पुढे रोलबॅक घातला तेव्हा मागे जाऊन पुन्हा खेळवलेल्या फ्रेममध्ये आवाज दोनदा वाजू नये म्हणून तिथे एक अट टाकली: पुनर्खेळ चालू असेल तर आवाज वाजवू नये. अंक मागण्याची ओळ त्या अटीच्या आत राहिली. त्यामुळे ज्या यंत्रावर रोलबॅक झाला तिथे एक अंक कमी खर्च व्हायचा, दुसऱ्या यंत्रावर तो खर्च झालेला असायचा, आणि हा फरक भिक्षूचे पुढचे पाऊल पडेपर्यंत कुठेही दिसायचा नाही.

सिंक-टेस्टमध्ये हे सापडायला हवे होते. प्रत्येक फ्रेमला मुद्दाम मागे जाऊन पुन्हा खेळवायचे आणि दोन्ही निकालांचे चेकसम, म्हणजे खेळाच्या अवस्थेचे सारांश-अंक, जुळवायचे, ही सोय माझ्याकडे पहिल्यापासून आहे. टोनी कॅनन यांनी २००६ मध्ये केलेल्या आणि २०१९ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुल्या झालेल्या जीजीपीओ या रोलबॅक-साधनाच्या संहितेत (कोडमध्ये) ही पद्धत आहे, आणि रोलबॅक लिहू पाहणाऱ्या कोणालाही मी आधी ती संहिता वाचायलाच सांगेन. पण माझ्या चेकसममध्ये स्थान, ताकद, चाल आणि उरलेला वेळ होता, यादृच्छिक जनित्राची अवस्था नव्हती. शिवाय ती चाचणी मी वाघीण आणि क्रौंच या जुन्या जोडीवरच चालवत होतो. निकालावर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट चेकसममध्ये असलीच पाहिजे, ती डोळ्यांना दिसो वा न दिसो.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. खेळासाठी एक जनित्र आणि देखाव्यासाठी दुसरे, पैकी पहिलेच साठवायचे आणि चेकसममध्ये धरायचे. त्या रात्री भिक्षू विरुद्ध भिक्षू अशी लढत संगणकाच्या हाती देऊन सिंक-टेस्ट आठ तास चालू ठेवला. सकाळी पडद्यावर १७,२८,००० फ्रेम आणि फरक शून्य, असे लिहिलेले होते. तो शून्य बघत मी चहा संपवला आणि मगच अंघोळीला गेलो.

एवढी दुरुस्ती करून मी थांबणार होतो, पण दुसरे जनित्र लिहितानाच प्रश्न पडला की आवाज मुळात यादृच्छिक का ठेवायचा. त्या काळच्या चित्रपटांत फटक्यांचे ठराविक आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येतात आणि ते कधीही खटकत नाहीत, कारण ते लयीत येतात. सॅमो हुंग, जॅकी चॅन आणि युएन बिआओ हे तिघेही कुंग-फू नट यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत वाढलेले, आणि त्या रंगमंचावर नटाचा पवित्रा झांज आणि ढोल यांच्या ठोक्यावरच येऊन थांबतो. तो ठोका प्रेक्षकाला सांगतो की आता बघा. माझ्या खेळातला आवाज मात्र खेळाडूला काहीच सांगत नव्हता.

माझ्या वहीत जुगलबंदीच्या सहा मात्रा पूर्वीपासून दादऱ्यासारख्या लिहिलेल्या आहेत: पहिलीवर सम, चौथीवर खाली. चौथ्या मात्रेला बचाव करणाऱ्याला चढाई हिसकावून घेता येते, हा नियम नोंद ९ पासून आहे, पण ती मात्रा ओळखायची कशी, हे नवख्या खेळाडूला कधीच कळले नाही. म्हणून आता प्रत्येक मात्रेचा आवाज ठरलेला असेल. पहिल्या तीन भरीव लाकडी ठोक्याच्या, चौथी पोकळ, पाचवी कापडाच्या फटकाऱ्याची, आणि सहावीनंतर सुटताना छोटी झांज. दादरा वहीत राहील. खेळात तबल्याचा बोल येणार नाही, कारण लढत दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगच्या अंगणात चालली आहे आणि तिथे तिथलेच वाद्य वाजले पाहिजे.

याचा फायदा फ्रेमच्या हिशेबातही आहे, आणि माझा सर्वांत जुना अडसर त्यानेच दूर होत आहे. एका मात्रेला १२ फ्रेम दिल्या तेव्हा लढत सिनेमासारखी दिसे, पण २०० मिलिसेकंदांत बघून उत्तर देणे कोणालाच जमत नसे आणि सगळे अंदाजाने बटण दाबत. २२ फ्रेम दिल्या तेव्हा सगळ्यांना जमले, पण ती लढत न राहता वर्गातला सराव झाला. आता मात्रा १८ फ्रेमची आहे, पण तिची वाटणी वेगळी आहे: हात सुटण्यापासून भिडण्यापर्यंत फक्त ४, भिडलेल्या अवस्थेत थांबा ९, आणि हात मागे घ्यायला ५. डोळ्याला हालचाल चार फ्रेमचीच दिसते, त्यामुळे वेग वाटतो. पण थांबा आणि परत घेणे मिळून १४ फ्रेम, म्हणजे सुमारे २३३ मिलिसेकंद, पुढचे उत्तर द्यायला मिळतात. त्यात कानावरचा इशारा डोळ्यावरच्या इशाऱ्यापेक्षा लवकर पोहोचतो, तो लाभ वेगळाच. हिटस्टॉप, म्हणजे फटका भिडल्यावरचा थांबा, इतका लांब ठेवू नये, हे फायटिंग गेमच्या जगात सगळे सांगतात आणि नेहमीच्या खेळात ते बरोबरही आहे. पण भिडलेल्या हातांवर क्षणभर थांबणे हे या चित्रपटांचे व्याकरण आहे, आणि नऊ फ्रेमचा थांबा इथे खुपत नाही.

काल मात्र नवी अडचण लक्षात आली. आवाज जर माहिती देणार असेल, तर खोटा आवाज म्हणजे खोटी माहिती. रोलबॅकमध्ये समोरच्याचे इनपुट पोहोचेपर्यंत आपण अंदाजाने पुढे जातो. त्याने वरचा बचाव केला असे समजून माझ्याकडे बचावाचा ठोका वाजला आणि प्रत्यक्षात त्याला फटका लागला असेल, तर चित्र दुरुस्त करता येते, पण कानात गेलेला आवाज परत घेता येत नाही. नाशिकशी माझा पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायचा वेळ, ८० मिलिसेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे एका बाजूचे ४०, म्हणजे अडीच फ्रेमच्या आत. त्यातल्या दोन फ्रेम इनपुट डिलेमध्ये, म्हणजे बटणाला मुद्दाम दिलेल्या उशिरात, जिरतात. तरीही एखादी फ्रेम उरतेच, आणि परदेशातल्या मंडळींशी खेळताना तीनचार उरतील.

हे लिहिता लिहिता सुचलेला मार्ग असा, की आवाजाचे दोन तुकडे करायचे. मात्रेचा क्रमांक हात भिडण्याआधीच दोन्ही यंत्रांना ठाऊक असतो, म्हणून ठोक्याचे तोंड लगेच वाजवायला हरकत नाही. बचाव झाला की फटका लागला, हे सांगणारी शेपूट थांब्याच्या चौथ्या फ्रेमला जोडायची. तोपर्यंत समोरचे खरे इनपुट आलेले असेल, आणि थांबा नऊ फ्रेमचा असल्यामुळे उशीर जाणवणारही नाही. चित्रातही तेच करता येईल: पहिल्या तीन फ्रेममध्ये दोघांसाठी एकच समान चित्र, निकालाचे चित्र चौथ्यापासून. असे झाले तर हात अचानक दुसरीकडे उडाल्यासारखा जो दोष मित्राला दिसत होता, तोही याच थांब्यात झाकला जाईल. म्हणजे क्रौंचाच्या नव्या चालींचे काम मी पुढे ढकलतो आहे आणि आधी सर्व २४ संपर्कचित्रांना समान चित्र काढतो आहे. ॲसेप्राइट या पिक्सेल-चित्रे काढायच्या साधनात टॅग नीट लावलेले असल्यामुळे ते दोन संध्याकाळींचे काम आहे. या कामासाठी इतके सुटसुटीत दुसरे साधन मला आजवर मिळालेले नाही.

आवाज मी स्वतः ध्वनिमुद्रित करतो आहे. विकत घेतलेल्या एका संचात प्रत्येक फटक्याला आधीच प्रतिध्वनी चिकटवलेला होता, त्यामुळे तोंड आणि शेपूट वेगळी करताच येईना. म्हणून गोधड्यांच्या कपाटात मायक्रोफोन ठेवून पोळपाटावर लाटणे मारले. पोळपाट जमिनीवर सपाट ठेवला तर ठोका भरीव येतो, आणि दोन पुस्तकांवर कडेने टेकवला तर खाली पोकळी राहून नेमका चौथ्या मात्रेचा आवाज मिळतो. पाचव्या मात्रेसाठी खळ घातलेले सुती उपरणे दोन्ही हातांनी झटकले. एकोणीस प्रयत्नांपैकी सतराव्यात बाहीचा तो सणसणीत फटकारा आला, जो ऐकून मी दिवा न लावता तसाच कपाटासमोर उभा राहिलो आणि तो पुन्हा पुन्हा ऐकला.

दोन छोट्या गोष्टी. शॉ ब्रदर्सच्या रुंद पडद्याच्या शॉस्कोप पद्धतीतल्या २.३५:१ या प्रमाणात चित्र बसवले आहे. ४८० रुंदीला २०४ ओळी चित्राच्या आणि वरखाली ३३-३३ ओळींच्या काळ्या पट्ट्या, आणि ताकदीची पट्टी वरच्या काळ्या भागात गेल्यामुळे लढतीवर आता काहीच येत नाही. दुसरे, खेळायच्या आर्केड स्टिकची बटणे मागवताना स्वस्त नक्कल घेऊ नये. माझी सहापैकी दोन बटणे महिन्याभरात दुहेरी दाबू लागली आणि जुगलबंदीतल्या चुका मी काही दिवस संहितेत शोधत बसलो. सानवा कंपनीच्या दांड्याला मात्र आजवर काही झालेले नाही.

शनिवारी रात्री मित्राबरोबर पुन्हा बसतो आहे. पहिल्या दहा लढती चित्र झाकून, फक्त कानावर चौथी मात्रा पकडता येते का ते बघण्यासाठी, आणि नंतरच्या दहा मुद्दाम १५० मिलिसेकंदांचा पिंग लावून. शेपूट चौथ्या फ्रेमला पुरत नसेल तर ती पाचव्याला नेईन. थांबा मात्र नवाचाच राहील.