पावलांचा आवाज

"बाबांच्या पावलांवरूनच मला कळतं, आज बोलायचं की नाही," असे एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आज चित्र रंगवता रंगवता, मानही वर न करता म्हणाली.

तिच्यावर कधी कोणी हात उगारलेला नाही. मार आई खाते, म्हणून मुलीला काही त्रास नाही असेच घरचे धरून चालतात. पण जे मूल रोज दाराकडे कान लावून बसते, त्याचे शरीर सतत धोक्याच्या तयारीत राहते. झोप मोडते, पोट दुखते, अभ्यासातले लक्ष उडते, आणि भांडण आपल्यामुळेच झाले असे ते मनाशी घेते. बालपणातील आघातांविषयी १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातही आईला होणारी मारहाण मुलाच्या आघातांमध्येच धरलेली आहे.

यात तुझा काहीच दोष नाही, एवढे तरी तिला कोणी सांगितले असेल का?