बालेवाडीला जायचं तर शेवटचे दिवस धरा

एप्रिल २०२५ मध्ये पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा संकुलात बिली जीन किंग कपची, म्हणजे देशादेशांच्या महिला टेनिस संघांच्या स्पर्धेची, आशिया-ओशनिया गट एकची फेरी झाली, तेव्हा आम्ही लातूर-कळंबची मंडळी जाऊन आलो. कसं गेलात, कुठं उतरलात, पोरं कंटाळली नाहीत का, असं तेव्हापासून इतक्या जणांनी विचारलंय की एकदाचं लिहूनच टाकते.

पहिला सल्ला हा, की अख्खा आठवडा जाऊ नका. स्पर्धा मंगळवार ८ एप्रिल ते शनिवार १२ एप्रिल अशी होती आणि सहा देश प्रत्येकाशी एकेकदा खेळणार होते. मंगळवारी भारत न्यूझीलंडकडून १-२ असा हरला. आमच्यातले दोघे तेवढं एक बघून आले आणि तोंड पाडून परतले. आम्ही बुधवारी रात्री निघालो. गुरुवारी महावीर जयंतीची सुट्टी, शुक्रवारी रजा, शनिवारी अर्धी शाळा तशीही बुडते. शेवटच्या दिवसांत गुणतक्ता आकाराला आलेला असतो, कोण जिंकलं तर कुणाचं काय होणार हे पोरांनाही कळतं, आणि मग टेनिस न समजणारा माणूसही जागचा हलत नाही.

आमच्यात तसे बरेच होते. पुतणी लातूरच्या क्रीडा संकुलात टेनिस शिकते, म्हणून हा सगळा घाट. पण सोबत जाऊबाई, दीर, आणि चुलत सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं. आबांचं आयुष्य कुस्तीच्या फडात गेलेलं. ते आले ते केवळ बार्शीच्या नावावर. आपल्या संघात प्रार्थना ठोंबरे आहे आणि ती बार्शीची, एवढं कानावर पडल्यावर त्यांनी स्वतःच पिशवी भरली. बार्शी कागदावर सोलापूर जिल्ह्यात असेल, पण कळंब-येरमाळ्याच्या माणसाचा बाजार, दवाखाना, सोयरीक सगळं बार्शीला. सानिया मिर्झाबरोबर प्रार्थनाने २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत दुहेरीचं कांस्य मिळवलं आणि २०१६ ला दोघी रिओ ऑलिंपिकलाही खेळल्या. आपल्याकडे किती जणांना हे माहीत आहे, देव जाणे. त्या आठवड्यात आमच्याकडच्या पेपरांची पानं आयपीएलने भरलेली होती आणि ही स्पर्धा कुठल्या तरी कोपऱ्यात चार ओळींत.

जाण्याचं म्हणाल तर लातूरकरांना मुंबईची रात्रीची रेल्वे सगळ्यात बरी. धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, दौंड करत ती उजाडायच्या सुमाराला पुण्यात सोडते. आरक्षण मात्र आधी काढा. सणाच्या आठवड्यात ऐनवेळी काही मिळत नाही. लातूरजवळच्या हरंगुळहून दिवसाचीही गाडी आहे. ती पुणे स्टेशनला जाते की हडपसरलाच थांबते, ते तिकीट काढताना बघून घ्या. कारण बालेवाडी शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला आहे, आणि हडपसरहून तिथे जायचं म्हणजे दुसरा प्रवासच. ट्रॅव्हल्सने जाणार असाल तर स्वारगेटला उतरू नका. वाकड-निगडीपर्यंत जाणारी गाडी धरा, वाकडला उतरा, तिथून रिक्षाने संकुल जवळ आहे. आम्ही गेलो तेव्हा मेट्रो तिकडे पोचलेली नव्हती. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गाचे खांब तेवढे दिसले. त्यात बालेवाडी स्टेडियमचं स्टेशन आहे, तेव्हा पुढे जाणाऱ्यांनी आधी ती चौकशी करावी.

राहायला बाणेर-बालेवाडीत शोधूच नका. आयटीवाल्यांचे दर आपल्याला परवडत नाहीत. पिंपरी-चिंचवडमध्ये ज्याचा एकही पाहुणा नाही असा लातूर-धाराशिव-बीडचा माणूस सापडणं अवघड. काळेवाडी, रहाटणी, थेरगाव, सांगवी, कुठेतरी कुणीतरी निघतंच. आम्ही जाऊबाईंच्या भावाकडे उतरलो. त्यांच्या घरी ज्वारीचं पीठ संपलेलं म्हणून आम्ही नेलेलं पीठ त्यांना जास्त गोड लागलं.

खाण्याचं एक सांगते. धपाटे आणि शेंगांची चटणी न्या, पण गाडीत आणि मुक्कामी खायला. आत डबे, बाटल्या नेऊ देतील की नाही हे दर स्पर्धेला वेगळं असतं. पास-तिकिटाचंही तेच. जायच्या आठवड्यात राज्य टेनिस संघटनेच्या पानावर नियम बघून घ्या आणि हे काम ग्रुपमधल्या एकाच माणसाकडे द्या. चौघांनी चार ठिकाणी विचारलं की चार उत्तरं येतात.

पुण्याचं ऊन आपल्यापुढे काय, असं म्हणून दीर टोपी न घेता आले. ऊन लातूरपेक्षा कमीच होतं, पण आपण लातुरात भर दुपारी सिमेंटच्या पायरीवर तास न् तास बसत नाही. दुपारनंतर पश्चिमेच्या बाजूला आधी सावली येते, तिकडे जागा धरा. खाली अंथरायला जाडसर टॉवेल न्या. म्हाताऱ्या माणसाला पाठ टेकायला मिळेल अशी जागा आधी बघून ठेवा.

आता खेळाचं. नव्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरतं. एका लढतीत तीन सामने, दोन एकेरी आणि मग एक दुहेरी. तिन्हींतले दोन जिंकले की लढत आपली. आधी दोन्ही देशांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडू भिडतात, मग पहिल्या क्रमांकाच्या. एरवी टेनिसमध्ये खेळाडू एकटी असते. इथे कप्तान कोर्टावरच खुर्ची टाकून बसतो आणि बाजू बदलताना तिच्याशी बोलतो. आपले कप्तान विशाल उप्पल. त्यांच्या मागे बाकावर बसलेल्या मुली प्रत्येक पॉइंटला उठून ओरडायच्या. वर्षभर वेगवेगळ्या गावांत एकमेकींविरुद्ध खेळणाऱ्या पोरी इथे एका रंगाच्या जर्सीत. टीव्हीवर हे कळत नाही, कारण कॅमेरा सारखा चेंडूमागे.

बाकी पाच देशांतही बघण्यासारख्या मुली होत्या. न्यूझीलंडकडून लुलू सुन आली होती. ती २०२४ ला पात्रता फेरीतून येऊन विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलेली. तेव्हा भारताची लढत नाही म्हणून चहाला जाऊन तिथेच रेंगाळू नका. शेजारच्या कोर्टावर कोरिया-तैवानच्या मुली खेळत असतात आणि तिथे गर्दी नसल्याने अगदी जाळीशेजारी बसायला मिळतं. पुतणीने सगळ्यात जास्त तिथेच शिकून घेतलं. रॅकेटवरून चेंडू निघतानाचा आवाज टीव्हीत येतो तसा नाहीच, असं ती दिवसभर सांगत होती.

भारताकडून त्या आठवड्याची खरी मानकरी श्रीवल्ली भामिडिपाटी. उंचपुरी हैदराबादची मुलगी, सर्व्हिस अशी की समोरची आधी मागे सरकते. तिने एकेरीचे पाचही सामने जिंकले. पाच दिवसांत पाच देशांच्या मुलींना हरवायचं, तेही रोज उन्हात. त्या आठवड्यात तिचं नाव घराघरांत जायला हवं होतं, माझं तरी हेच मत.

शनिवारी शेवटची लढत कोरियाशी. पहिला सामना श्रीवल्लीने काढला. दुसऱ्यात सहजा यमलापल्ली हरली. एकास एक झालं आणि आमच्या पुढच्या ओळीतली काही मंडळी उठून पार्किंगकडे निघाली. एकेरी झाली म्हणजे संपलं, असं त्यांना वाटलं असावं. लिहायला बसले ते खरं तर याच्यासाठी. या स्पर्धेत दुहेरी सोडून उठू नका. लढत कितीतरी वेळा तिथेच ठरते, आणि दुहेरी बघायला एकेरीपेक्षा जास्त मजा येते.

कोर्टावर अंकिता रैना आणि प्रार्थना उतरल्या. आबा तोवर पेंगत होते, ते सरळ होऊन बसले. प्रार्थना जाळीजवळ वाकून उभी, रॅकेट पुढे, आणि दुसरा हात पाठीमागे. बोटं मिटली, उघडली, परत मिटली.

“ती मागं हात करून काय खुणा करायलीय गं?” आबांनी विचारलं.

“सर्व्हिस कुठं टाकायची अन् आपण जाळीवर आडवं पळायचं का थांबायचं, ते सांगायलीय.”

“अन् समोरच्यांना दिसंना का?”

“पाठ आपल्याकडं हाय की आबा.”

मग आबांनी चेंडू बघणं सोडून दिलं. दर सर्व्हिसला ते फक्त तो हात बघत आणि खूण झाली की आता पळणार, आता थांबणार, असं पुटपुटत. बरेचदा चुकत. एकदा बरोबर आलं. प्रार्थना आडवी झेपावली, चेंडू दोघी कोरियन मुलींच्या मधून गेला, आणि आबा उभं राहून फडात ओरडतात तसे ओरडले. खुर्चीवरच्या पंचांनी शांततेची विनंती केली ती बहुधा आमच्याकडे बघूनच.

म्हणून हेही लिहून ठेवते. पॉइंट चालू असताना गप्प, पॉइंट संपला की पाहिजे तेवढा दंगा. मधेच उठून चालायचं नाही. गेमची बेरीज विषम झाली की बाजू बदलतात, तेव्हा (सेटचा पहिला गेम सोडून) दीड मिनिटं मिळतात, पाणी-लघवी त्यात उरका. मोबाइल बंद. लहान लेकरू असेल तर कडेची जागा धरा. नावं नीट पाठ करून जा, नुसतं ‘इंडिया इंडिया’ करण्यापेक्षा नावाने हाक मारली की खेळाडू वळून बघते. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

अंकिता-प्रार्थनाने तो सामना जिंकला. भारत २-१, गटात न्यूझीलंडच्या मागे दुसरा, आणि नोव्हेंबरच्या प्ले-ऑफला, म्हणजे पुढच्या टप्प्याला, पात्र. अंकिता मूळची अहमदाबादची असली तरी तिची बरीच घडण पुण्यातली, म्हणजे त्या जोडीला दोन्हीकडून आपलंच म्हणायला हरकत नाही.

परतीचं मात्र जपून. १२ एप्रिलला चैत्री पौर्णिमा होती. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा, दुसऱ्या दिवशी चुनखडी वेचायची रीत, तिकडे तुळजापूरलाही गर्दी. आमच्यातले कळंबकर रात्रीच्या गाडीने निघाले आणि बार्शी सोडल्यापासून रस्त्याच्या कडेने पायी माणसं, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, देवीच्या नावाचा गजर. ज्या ट्रॅव्हल्सने ते आले तिने भाडं कळंबपर्यंतचं घेतलं आणि येरमाळ्याच्या अलीकडेच उतरवून दिलं. भांडून उपयोग झाला नाही. जाऊबाई म्हणाल्या, देवीनेच बोलावलं असेल, आणि दर्शन करून दुपारी घरी पोचल्या. आम्ही लातूरवाले रविवारी रेल्वेने निवांत आलो. एप्रिलमधली स्पर्धा असेल तर पंचांग बघून परतीचं ठरवा, हा सल्ला तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

नोव्हेंबरमध्ये प्ले-ऑफ बंगळूरला झाले, १४ ते १६ तारखेला, कब्बन पार्कमधल्या एस. एम. कृष्णा टेनिस स्टेडियमवर. आपल्या गटात स्लोव्हेनिया आणि नेदरलँड्स, आणि गटात पहिला येईल त्यालाच पुढच्या पात्रता फेरीत जागा. भारत दोन्ही लढती हरला, स्लोव्हेनिया पुढे गेला. दर्जातला फरक उघड्या डोळ्यांनी दिसत होता. आशियात जो फटका पॉइंट मिळवून देतो, तोच इथे तितक्याच जोरात परत येत होता. पुतणी हिरमुसली, पण आपण कुठे आहोत हे कळायला हेच बघायला लागतं.

तिकडे जायला मराठवाड्याची सोय पुण्यापेक्षा वाईट नाही. नांदेड-बंगळूर रेल्वे परभणी, परळी, लातूर रोड, उदगीर, बिदर करत जाते. लातूरकरांनी लातूर रोडला किंवा उदगीरला बसावं. धाराशिवकरांना सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेस बरी. बंगळूरच्या मुख्य स्टेशनलाच जांभळ्या मार्गाची मेट्रो आहे, कब्बन पार्क स्टेशनला उतरायचं आणि चालत स्टेडियम. बालेवाडीच्या मानाने हे फारच सुटसुटीत. संध्याकाळी तिथे गारवा सुटतो, म्हाताऱ्यांसाठी स्वेटर ठेवा.

ही स्पर्धा १९६३ ला फेड कप म्हणून लंडनमध्ये सुरू झाली. पहिलाच करंडक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या संघात बिली जीन स्वतः होत्या, आणि २०२० पासून स्पर्धेला त्यांचं नाव आहे. २०२५ चा करंडक इटलीने शेन्झेनला अमेरिकेला हरवून नेला. प्ले-ऑफ हरलेल्यांना पुन्हा आपापल्या विभागीय गटापासून सुरुवात करावी लागते, म्हणजे आपल्याला परत आशिया-ओशनिया. वेळापत्रक लागलं की आधी ठिकाण बघा, मग पंचांग, मग रेल्वेचं आरक्षण. आबांनी यावेळी खालची बर्थ सांगून ठेवलीय.