बेळगावच्या गोल्फ कोर्सवर कॅमेरा घेऊन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बेळगावात गोल्फ खेळतात हे निपाणी-चिकोडीकडच्या पुष्कळांना ऑगस्ट 2022 मध्ये कळलं, तेही बिबट्यामुळे. जाधवनगरात दिसलेला बिबट्या पुढं गोल्फ कोर्सच्या झाडीत दिसू लागला, आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली आणि शोधायला शिमोग्याजवळच्या सक्रेबैल छावणीतून हत्ती आणले. मैदानात झाडी किती दाट आहे, ते एवढ्यावरून समजावं. यंदा हिवाळ्यात तिथं हौशी खेळाडूंची एक दिवसाची स्पर्धा होती. भाचा खेळणार होता, म्हणून मी कॅमेरा घेऊन गेलो.

कुस्तीचं मैदान किंवा बैलगाड्यांची शर्यत टिपायची सवय असलेल्याला गोल्फ सुरुवातीला अवघड जातं. तिथं हलगी-शिट्ट्यांच्या गोंगाटात शटरचा आवाज कुणाला ऐकू येतो? इथं खेळाडू बॉलसमोर उभा राहिला की पाखराचा आवाजही मोठा वाटतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की कॅमेऱ्याच्या सेटिंगआधी आपण कुठं उभं राहायचं आणि कधी गप्प राहायचं, ते शिकून घ्या. फोटो निम्मा तिथंच होतो.

निपाणीहून पहाटे निघालात तर संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका, काकती असं करत उजाडायच्या आत कॅम्पात पोचता. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळं थंडीत सकाळी धुकं आणि गवतावर भरपूर दव असतं. लेन्सला हूड लावूनच ठेवा, मऊ कापड खिशात ठेवा, आणि जुने, पाण्यात चालणारे बूट घाला. टाचेचे किंवा खिळ्यांचे बूट ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, अजिबात नकोत. आयोजकांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. हा कॅम्पाचा भाग, आजूबाजूला लष्कराची वस्ती. ओळखपत्र जवळ असू द्या, ड्रोन घरीच ठेवा आणि फाटकं, पहारे, इमारती यांच्याकडं कॅमेरा वळवू नका.

बऱ्याच हौशी स्पर्धांत शॉटगन स्टार्ट असतो, म्हणजे सगळे गट वेगवेगळ्या होलवरून एकाच वेळी सुरुवात करतात. होल म्हणजे बॉल टाकायचा खड्डा, आणि तिथवरच्या मैदानाच्या टप्प्यालाही होलच म्हणतात. प्रत्येकाच्या मागं पळत सुटलात तर दमाल आणि हाती काही लागणार नाही. मी ड्रॉचा कागद, म्हणजे कुठला गट कुठून सुरू करणार त्याची यादी, मागून घेतला आणि एका पार-3 होलजवळ, म्हणजे तीन फटक्यांत पुरा व्हावा अशा होलजवळ, ठाण मांडलं. पार-3 आखूड असतो, टी (पहिला फटका मारायची जागा) आणि ग्रीन दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर असतात आणि एकेक गट आपल्यासमोरून जातोच. नवख्यानं अर्धा दिवस तरी असाच काढावा.

आता उभं कुठं राहायचं? उजव्या हातानं खेळणारा असेल तर त्याच्या छातीच्या बाजूला, पण बॉलच्या रेषेच्या किंचित मागं. पुढं सरकू नका. हौशी खेळाडूचा फटका चुकला, बॉल काठीच्या मानेला, म्हणजे दांडा आणि पातं जुळतात तिथं, लागला, तर तो नेमका त्याच बाजूला, पुढं, तिरका सुटतो. त्याला शँक म्हणतात. बॉल वजनानं 46 ग्रॅमच्या आतला, पण कडक, आणि जोरात मारलेला ड्राइव्ह ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात जातो. मी झाडाच्या कडेला थांबलो होतो, तर एक कॅडी, म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहणारा, लांबूनच म्हणाला, "अण्णा, तितं नको, हिकडं या. बॉल तितंच येतोय बगा." त्याचं ऐकलं, बरं झालं. कॅडींना मैदानाचा कोपरान् कोपरा ठाऊक असतो. नमस्कार करून ओळख काढा, ते ऊन कुठून येईल, बॉल कुठं पडेल, सगळं सांगतात. आणि "फोर!" अशी हाक ऐकू आली की वर बघायचं नाही, डोकं हातांनी झाकून खाली वाकायचं.

शटरचा नियम साधा आहे: काठी बॉलला लागेपर्यंत बटण दाबायचं नाही. नवख्यांना हे पटत नाही, कारण त्यांना काठी वर गेलेली हवी असते. पण चांगला फोटो बहुतेक वेळा फटक्यानंतरच मिळतो. काठी खांद्यामागं गेलेली, अंग पूर्ण वळलेलं, डोळे बॉलमागं लागलेले. मिररलेस कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येतो, तरी सावध राहा. बऱ्याच कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर चित्र एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीओळीनं वाचतं, त्यामुळं वेगात फिरणारी काठी फोटोत वाकडी येते. फटक्यानंतर मेकॅनिकल शटर वापरा. वेग 1/2000, फोकस सतत चालू, लेन्स 70-200 मिमी पुरते. टोपीच्या सावलीत चेहरा काळा पडतो. एक्सपोजर थोडं वाढवा, पण पांढरा टी-शर्ट जळत नाही ना, ते पडद्यावर बघा.

बंकर, म्हणजे मैदानातले वाळूचे खड्डे, मात्र सोडू नका. सकाळचं ऊन खेळाडूच्या मागून येत असेल अशी जागा धरा, बाजूला लांब बसा आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. फटका बसला की वाळू उडते, उन्हात तिचा कण न् कण चमकतो आणि बॉल त्यातून बाहेर पडताना दिसतो. मला त्या दिवसाचा सगळ्यात आवडलेला फोटो तिथंच मिळाला. वाळूत स्वतः उतरू नका. फटक्यानंतर कॅडी दांताळं घेऊन वाळू सारखी करतो, तोही फोटो घ्या. त्या माणसांचे फोटो कुणी काढत नाही. आधी विचारून काढा आणि नंतर त्यांनाही पाठवा.

ग्रीनवर आणखी काळजी लागते. बॉल आणि होल यांच्यामधल्या रेषेवर पाय ठेवायचा नाही, आणि सकाळच्या लांब सावल्यांकडं विशेष लक्ष द्यायचं. आपण दहा पावलांवर असलो तरी आपली सावली होलवर पडू शकते. खेळाडूच्या नजरेसमोर, होलच्या मागं, उभं राहू नका; तिरकं बसा आणि हलू नका. होलचा खड्डा जेमतेम 108 मिलिमीटर रुंद. बॉल काठावरून फिरून बाहेर आला की चेहऱ्यावर जे उमटतं ते सेकंदभरच टिकतं. म्हणून फोकस बॉलवर नको, डोळ्यांवर ठेवा. भाच्याचा बॉल तसाच काठावरून निसटला. त्यानं टोपी काढून कपाळाला हात लावला आणि त्याच गटातले एक पांढऱ्या मिशांचे काका त्याच्या पाठीवर थाप मारत होते. हौशी स्पर्धेत खरं टिपायचं ते हे. स्विंग सगळ्यांचे सारखेच दिसतात, माणसं सारखी नसतात.

बक्षीस समारंभ छताखाली असतो. फ्लॅश छताकडं वळवून उडवा किंवा आयएसओ (उजेड टिपायची कॅमेऱ्याची क्षमता) 3200 पर्यंत न्या, वेग 1/125 च्या खाली नको. प्रत्येक खेळाडूचा पहिला फोटो काढला की लगेच त्याच्या बॅगेवरच्या नावाच्या पट्टीचाही एक काढून ठेवा, म्हणजे घरी गेल्यावर कोण कोणता याचा घोळ होत नाही. निवडक फोटो आयोजकांना त्याच संध्याकाळी द्या, आठवड्यानं पाठवलेले कुणी उघडत नाही. लहान मुलं खेळत असतील तर त्यांच्या आई-वडिलांना विचारूनच फोटो पुढं द्या. दोन बॅटऱ्या, पाणी आणि टोपी लागतेच, कारण दहानंतर बेळगावचं ऊनही कडक होतं. परतताना घरच्यांसाठी कुंदा घ्यायचा असेल तर लवकर निघा, रविवारी संध्याकाळी दुकानांत गर्दी असते.