सत्तावन्न दातांचं गिअर

जोडणीची खेळणी घेणं आणि विकणं हा माझा धंदा. पोट भरतं ते लेगोवर. कंपनीने बंद केलेला सेट, सील न फोडलेला खोका, कपाटात ठेवून भाव चढायची वाट बघणारं गिऱ्हाईक. बहुतेकांना आत काय आहे यात काडीचा रस नसतो, पण खोक्याचा कोपरा दबला तर रडतात. २००४ च्या सुमारास लेगोने करडा रंग जरासा निळसर केला. जुन्या करड्या सेटमध्ये त्यातली एक वीट सापडली तरी 'ओरिजिनल नाही' म्हणून भाव पाडतात. हा नियम मीही पाळतो, त्यावरच माझं दुकान चालतं.

म्हणून डोंबिवलीची पेटी डोक्यातून जात नाहीये.

फोन करणारे काका सत्तरीच्या घरातले. "वडिलांचा मेकॅनो आहे, साहेब, एकदा नजर टाका." मेकॅनो म्हणजे भोकांच्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडायचा इंग्लिश खेळ. असे फोन पुष्कळ येतात. दहांतल्या नऊ वेळा मेकॅनो म्हणजे त्याच धर्तीचा आपला भारतीय मेकॅनिक्स निघतो. तोही चांगला खेळ आहे, पण संग्राहक त्याला हात लावत नाहीत. इथे मात्र पॅकिंगच्या फळ्यांच्या पेटीत खरंच लिव्हरपूलचा, मूळ मेकॅनोचा माल होता. लाल-हिरवा, म्हणजे युद्धानंतरचा. निळ्या-सोनेरी रंगाचा १९३४ नंतरचा माल निघाला असता तर मी खुर्चीतून उठलोच असतो.

तपासायची माझी एक पद्धत आहे. आधी भोकांच्या आतल्या कडा बघायच्या. कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला, पातळ असतो. घरी मारलेला रंग भोकाच्या काठावर जाड बसतो. मग मेकॅनोच्या नावाचा शिक्का. मग नट-बोल्ट: पाच बत्तिसांश इंच विटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे आटे, त्याऐवजी कुणी मेट्रिक बोल्ट दामटलेला असला तर आटे गेलेलेच असतात. पट्ट्या सगळ्या खऱ्या निघाल्या. ओलाव्याने कुठे कुठे गंज धरलेला, तेवढं मुंबईत चालायचंच. पितळी भागांकडे वळलो आणि तिथे हिशोब जमेना.

मोठी गिअर दोन होती, मेकॅनोच्या यादीतला २७अ नंबरचा भाग, ५७ दात. एकावर शिक्का, दुसरं कोरं. कोऱ्याचे दात मोजले, ५७ च. १९ दातांच्या पिनिअनशी, म्हणजे छोट्या गिअरशी, लावून बघितलं. या जोडीची गंमत अशी की ५७ आणि १९ मिळून ७६ होतात. मेकॅनोचे दात व्यासाच्या दर इंचाला ३८ या मापाचे, त्यामुळे दोन अक्षांमधलं अंतर बरोब्बर एक इंच येतं, म्हणजे अर्ध्या इंचावरच्या भोकांत जोडी चपखल बसते. ५० आणि २५ ची जोडी तशी बसत नाही, किंचित सैल राहते. कोरं गिअर बसलं, आणि शिक्क्याच्या गिअरपेक्षा कमी आवाज करत फिरलं. मधल्या स्क्रूचे आटेही विटवर्थच.

"हे कुठून आणलं?" मी विचारलं.

"बाबांनी केलं असेल. गिरणीत टर्नर होते, वर्कशॉप खात्यात. तेव्हा परदेशी खेळणी कुठे मिळायची? ८२ च्या संपानंतर पेटी उघडलीच नाही त्यांनी."

'केलं असेल' म्हणणं सोपं आहे. ५७ दात पाडणं ही कटकट आहे. गोल तुकड्याचे सारखे भाग पाडायला मशीनवर डिव्हायडिंग हेड लावतात. त्याचं हँडल चाळीस वेळा फिरलं की तुकडा एकदा फिरतो. ५७ भागांसाठी हँडल दर दाताला ४०/५७ फिरवायचं, आणि हा अपूर्णांक मोजायला हेडच्या प्लेटवर ५७ भोकांचं किंवा त्याच्या पटीतलं वर्तुळ लागतं. ब्राउन अँड शार्प या अवजारांच्या कंपनीच्या नेहमीच्या तीन प्लेटांवर ते नाही. १९ चं आहे, पण त्याने काम होत नाही. ३८ च्या मापाचा कटर कापडगिरणीत कशाला असेल?

उत्तर शिक्क्याच्या गिअरवर होतं. भिंगाखाली धरलं. चालून झिजलेल्या गिअरचा घासा दातांच्या बाजूंवर येतो. इथे प्रत्येक खाचेच्या तळाशी, एकाच जागी, बारीक ओरखडा होता. सत्तावन्नच्या सत्तावन्न खाचांत. म्हणजे त्यांनी खरं गिअर कोऱ्या चकतीबरोबर एकाच दांड्यावर चढवलं, त्याच्या खाचेत खिटी अडकवली, एक दात कापला, खिटी काढली, पुढच्या खाचेत टाकली. खरं गिअर हीच त्यांची प्लेट. कटर हातानेच घासलेला असणार.

आता धंद्याचा भाग. इंग्लंडमधल्या एका संग्राहकाला फोटो पाठवले. त्याचं उत्तर सरळ होतं: कोरं गिअर नकली, काढून टाका. शिक्क्याचं गिअर ओरखड्यांमुळे खराब, तेही नको. बाकी पेटी घेतो. त्याच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं.

काकांचा भाचा हुशार निघाला. म्हणाला, "कोऱ्यावर शिक्का मारून घेऊ, कोणाला कळतंय?" असे शिक्के मारून देणारे आहेत, माझ्या ओळखीचेही आहेत. मी नाही म्हटलं, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं ते अडाण्याकडे बघावं तसं.

मी काकांना सगळ्या पेटीचा एकच भाव सांगितला, दोन्ही गिअर धरून, काहीही वेगळं न काढता. इंग्लंडवाल्यापेक्षा तो कमी आहे, आणि एवढ्यालाही पेटी पुढे विकली जाईल याची मला खात्री नाही. काका म्हणाले, भाच्याशी बोलून कळवतो. अजून फोन नाही.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. खिटीने जागा धरली तरी कापताना दांडा थरथरतो, आणि एवढ्या बारीक दाताला ते लगेच दिसतं. या गिअरवर थरथरीचा एकही माग नाही. शिवणयंत्राची सुई बसेल इतक्या बारीक खाचा, सगळ्या सारख्या. कुणी जुन्या गिरणीतला टर्नर हे वाचत असेल तर सांगा, दांडा दोन्हीकडून धरत होता की आणखी काही करत होता?