क्रूस उतरवलेले चर्च

सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन वस्तीत, एलिस आणि टेलर या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, ग्लाइड मेमोरियल चर्च आहे. तिथे मी पहिल्यांदा गेलो तो उपासनेला नव्हे, तर सकाळच्या न्याहारीला वाढपी म्हणून. केसांवर जाळी, हातांत मोजे आणि समोर ट्रे घेऊन पुढे सरकणारी रांग. मी ट्रेकडे बघत घाईघाईने डाव रिकामा करत होतो, तेव्हा शेजारच्या वयस्कर बाई हळूच म्हणाल्या, "आधी तोंडाकडे बघून 'गुड मॉर्निंग' म्हणा, मग वाढा." या चर्चची श्रद्धा नेमकी काय आहे, हे मला त्या वाक्यातून जितके कळले, तितके नंतर ऐकलेल्या प्रवचनांतूनही कळले नाही.

ग्लाइड ज्या मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट पंथातून आले, त्याच्या परंपरेत हे नवे नाही. या पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली १७३९ मध्ये ब्रिस्टलजवळच्या कोळसा खाणकामगारांना उघड्या माळावर उपदेश करू लागले आणि १७४६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये गरिबांसाठी मोफत दवाखाना उघडला. माणूस देवाकडे वळण्याआधीच देवाची कृपा त्याच्यापर्यंत पोहोचलेली असते, अशी त्यांची शिकवण होती. ती मनापासून मानली, तर दाराशी आलेल्याची पात्रता तपासण्याचे काम चर्चकडे उरतच नाही.

ग्लाइडची सुरुवात मात्र अगदी चारचौघांसारखी होती. लिझी ग्लाइड या श्रीमंत विधवेने १९२९ मध्ये पतीच्या स्मरणार्थ इथली जागा घेतली. १९६३ मध्ये सेसिल विल्यम्स हे टेक्सासचे कृष्णवर्णीय पाळक (चर्चचे धर्मगुरू) इथे आले, तेव्हा उपासनेला जेमतेम पस्तीसेक गोरे, मध्यमवर्गीय लोक उरले होते. बाहेरच्या फुटपाथवर मात्र बेघर, व्यसनी आणि घरातून हाकललेली मुले होती. विल्यम्स यांनी दार त्यांच्यासाठी उघडले आणि आधीची काही मंडळी त्याच दाराने निघून गेली.

१९६४ मध्ये शहरातील काही पाळक आणि समलिंगी कार्यकर्ते यांनी मिळून एक परिषद स्थापन केली आणि त्यात ग्लाइडच्या लोकांचा पुढाकार होता. १ जानेवारी १९६५ च्या रात्री या परिषदेच्या मदतीसाठी कॅलिफोर्निया हॉलमध्ये नृत्याचा कार्यक्रम ठेवला होता. पोलिसांनी येणाऱ्या पाहुण्यांची छायाचित्रे काढली आणि पोलिसांना अडवणाऱ्या वकिलांना अटक केली. दुसऱ्या दिवशी पाळकांनी पत्रकार परिषद घेऊन पोलिसांना जाब विचारला. धर्मगुरूंनी या बाजूने उभे राहणे त्या काळी किती अनपेक्षित होते, याचा अंदाज आज सहज येत नाही. कारण समलैंगिकता ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत असल्याचे वाक्य युनायटेड मेथॉडिस्ट चर्चने, म्हणजे ग्लाइड तेव्हा जिच्यात होते त्या संघटनेने, त्यानंतर, १९७२ मध्ये, आपल्या नियमग्रंथात घातले आणि ते निघायला २०२४ साल उजाडले.

१९६७ मध्ये विल्यम्स यांनी वेदीवरचा क्रूस काढला. क्रूस मृत्यूची खूण आहे आणि इथे जगण्याचा उत्सव व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या मला हे अजूनही पचत नाही. क्रूस म्हणजे केवळ मरण नव्हे, हे आम्हाला रविवारच्या शाळेतच शिकवलेले असते. तरीही त्या मोकळ्या भिंतीसमोर गॉस्पेल भक्तिगीते गाणाऱ्या गर्दीत उभे राहिल्यावर माझा वाद थोडा मवाळ होतो, हे कबूल केले पाहिजे.

रोजच्या मोफत जेवणाला पैसे लागतात. अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्यासोबत भोजनाच्या संधीचा लिलाव २००० पासून ग्लाइडसाठी होत असे. २०२२ च्या लिलावात १ कोटी ९० लाख डॉलरची बोली लागली. एका जेवणाच्या या किमतीवर तळघरातल्या मोफत जेवणाच्या रांगेत काय विनोद होत असतील, देव जाणे. दरम्यान अधिकार आणि मालमत्तेवरून मेथॉडिस्ट बिशपांशी वाद कोर्टात गेला आणि तडजोडीनंतर ग्लाइड मेथॉडिस्ट संघटनेतून बाहेर पडले. विल्यम्स २०२४ मध्ये, ९४ व्या वर्षी वारले.

हे सगळे मी फोनवर नगरच्या आत्याला सांगितले. क्रूसाचे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "जेवायला येतात त्यांना नाव-गाव विचारतात का रे?"

"नाही, आत्या."

"बरं," ती म्हणाली, आणि वाढायला किती वाजता जावे लागते, ते विचारू लागली.